दाढ गेली, ओठ झोपला!

अक्कलदाढ काढल्यावर ओठ किंवा जीभ बधिर राहते, असं कुणी सांगितलं की आपण हसून सोडून देतो. पण ही अफवा नाही. बहुतेकांचं ठीक होतं, काहींचं होत नाही. मधल्या काळात काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

दाढ काढून आलेल्या माणसाची ऑफिसात जाम खेचली जाते. एका बाजूला सुजलेला गाल, तोंडात कापूस आणि 'पाणी' म्हणायला जावं तर बाहेर पडतं 'फाणी'. फोटो निघतात, ग्रुपवर पडतात, कॅन्टीनवाला येऊन विचारतो, "कुणी मारलं?" हा तमाशा दोन-चार तास चालतो. मग इंजेक्शन उतरतं, ओठ जागेवर येतो, दाढेची जागा ठणकायला लागते आणि तुम्ही पेनकिलर घेऊन गुडुप झोपता. विषय संपला.

काहींचा संपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश करताना पेस्टचा फेस हनुवटीवरून ओघळत असतो, आणि ते कळतं आरशात बघून. चहाचा कप ओठाला टेकलाय की नाही, हे कपाकडे बघून ठरवावं लागतं. इंजेक्शन केव्हाच उतरलेलं असतं, पण बधिरपणाने मुक्काम ठोकलेला असतो.

मी त्या 'काहीं'पैकी एक. वय २८, खालची डावी अक्कलदाढ, हाडात आडवी झोपलेली. दोनदा सुजून झाली होती, त्यामुळे काढणं भागच होतं. खुर्चीवर बसण्याआधी मी विचारलं होतं, "डॉक्टर, यात रिस्क काय असते?" उत्तर मिळालं, "अगं, आठवड्याला दहा काढतो मी!" उत्तर दिलासा देणारं होतं, पण ते माझ्या प्रश्नाचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी फोन केला, ओठ अजून झोपलेलाच आहे म्हणून. "येईल गं, थोडे दिवस लागतात." थोडे म्हणजे किती? "येईल." सोबत बी-१२च्या गोळ्या.

माझा ओठ आला, हे आधीच सांगून टाकते. पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत मी फोनवर मुलाखती घेतल्या, एका पॅनल डिस्कशनचं सूत्रसंचालन केलं (ओठाला लागलेला चटणीचा ठिपका शेवटपर्यंत कुणीही सांगितला नाही, थँक्यू मित्रांनो), लिपस्टिक अंदाजाने लावली, आणि भेटेल त्या डेंटिस्टला, ओरल सर्जनला प्रश्न विचारून बेजार केलं. त्यातून जे हाती लागलं, ते पुढे.

जबड्यातलं भुयार

चेहऱ्याला स्पर्श कळतो तो ट्रायजेमिनल नावाच्या नसेमुळे. नस म्हणजे इथे रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू. मेंदूतून निघणाऱ्या १२ जोड्यांपैकी ही पाचवी. तिला तीन फाटे. एक कपाळ-डोळ्यांकडे, दुसरा गाल आणि वरच्या जबड्याकडे, तिसरा खालच्या जबड्याकडे. आपली भानगड या तिसऱ्या फाट्याची.

त्याची एक शाखा जबड्याच्या आतल्या बाजूने हाडात शिरते आणि भुयारी मेट्रोसारखी दाढांच्या मुळांखालून पुढे येते. सुळ्याच्या मागच्या छोट्या दाढांपाशी हाडाला एक छिद्र असतं, तिथून बाहेर पडून ती खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. आता अक्कलदाढ ही सगळ्यात शेवटी येणारी, जागा न मिळालेली पाहुणी. तिची मुळं बऱ्याचदा या भुयाराच्या छतापर्यंत पोचतात, कधी कधी छत फोडून नसेला टेकतात. अशी दाढ हलवली, कापली, उचलली, की खालच्या नसेवर दाब येऊ शकतो. ड्रिल लागू शकतं. नुसती सूज किंवा आत साठलेलं रक्तही पुरतं, कारण भुयारात नसेला सरकायला जागाच नसते.

दुसरी शाखा जिभेची. ही हाडात जात नाही. अक्कलदाढेच्या आतल्या, म्हणजे जिभेकडच्या बाजूला हिरडीखालून जाते, काहींमध्ये तर हाडाला अगदी चिकटून. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाचा स्पर्श हिच्याकडे. चवीचे तंतू खरं तर दुसऱ्याच नसेचे, पण तेही हिच्यासोबत शेअर रिक्षाने प्रवास करतात. म्हणून ही दुखावली की जिभेची एक बाजू बधिर होते आणि चवही जाते. आणि एक्स-रेमध्ये ती दिसत नाही. भुयार दिसतं, कारण त्याला हाडाच्या भिंती आहेत. जिभेची नस पडली मऊ मांसातली.

दोन्ही नसांचं इथलं काम संवेदनेचं, हालचालीचं नाही. त्यामुळे ओठ लोंबकळत नाही, हसू वाकडं होत नाही. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. तुम्ही कुणाला सांगितलंत, की समोरचा तुमच्या ओठाकडे टक लावून बघतो आणि म्हणतो, "छान तर आहे!" या दुखण्याला सहानुभूती मिळत नाही, ती यामुळेच.

आकडे काय म्हणतात?

घाबरवायचा इरादा नाही. खालची अक्कलदाढ काढल्यावर ओठ-जीभ कायमची बधिर राहण्याचं प्रमाण बहुतेक अभ्यासांमध्ये एक टक्क्याच्या आत येतं. काही आठवडे-महिने बधिर राहून परत येण्याचं प्रमाण त्याहून जास्त, अभ्यासागणिक बदलणारं, पण काही टक्क्यांत. म्हणजे दाढ काढणाऱ्या बहुसंख्यांना यातलं काहीच होत नाही.

पण हे झालं सरासरीचं गणित, आणि दाढ सरासरी नसते. कुणाची मुळं भुयारापासून छान लांब असतात, कुणाची गळ्यात गळा घालून. हे आधी कळू शकतं. १९९० मध्ये रूड आणि शेहाब या दोन संशोधकांनी एक्स-रेमधल्या खुणांचा अभ्यास छापला, आजही ओरल सर्जरी शिकणारे तोच घोकतात. भुयार जिथे मुळावरून जातं तिथे मुळावर काळपट पट्टा दिसतो का? भुयाराची पांढरी रेघ तिथेच तुटते का? भुयार अचानक वळण घेतं का? यातलं काही दिसलं, तर दाढ आणि नस यांची जवळीक आहे असं समजायचं.

त्यासाठी लागतो ओपीजी, म्हणजे सगळा जबडा एका पट्टीत दाखवणारा एक्स-रे. खर्च काही शेकड्यांत. खूण संशयास्पद वाटली तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, त्याला काही हजार. सीबीसीटी काढल्याने नसेला इजा होण्याचं प्रमाण कमी होतं असं चाचण्यांमध्ये दिसलेलं नाही. त्यामुळे 'स्कॅन काढलाय, आता टेन्शन नाही' असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका. फायदा होतो तो निर्णयाला. काढायची का, कशी, आणि कुणी.

वयाचाही हिशेब आहे. विशीच्या सुरुवातीला मुळं पुरती तयार झालेली नसतात, हाड जरा लवचिक असतं. पुढे दोन्ही अवघड होत जातं. म्हणून 'दुखत नाही तोवर असू दे' आणि 'दुखत नसली तरी चारही काढून टाकू, पॅकेजमध्ये बसतं', या दोन्ही टोकांवर माझा राग आहे. ब्रिटनमध्ये २००० साली 'नाइस' या सरकारी संस्थेने सांगून टाकलं, की ज्या अडकलेल्या अक्कलदाढेला काही आजार नाही ती निव्वळ पुढचा विचार म्हणून काढू नये. या सल्ल्यावर डॉक्टरांमध्ये आजही वाद आहे, पण निदान 'का काढायची?' हा प्रश्न विचारायला तो बळ देतो.

सुईचीही गंमत

दाढ न काढताही हे होऊ शकतं. खालचा जबडा बधिर करायला मागे, नस भुयारात शिरते त्या जागेजवळ इंजेक्शन देतात. ही युक्ती आहे १८८४ची. न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड आणि रिचर्ड हॉल या सर्जननी ती पहिल्यांदा वापरली तेव्हा औषध होतं चक्क कोकेन. स्वतःवर प्रयोग करता करता हॉल्स्टेड त्याच्या आहारी गेला. आज आपल्याकडे मिळतं ते लिग्नोकेन स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालं, आणि त्याने सवय लागत नाही.

इंजेक्शन देताना कधी कधी ओठात किंवा जिभेत सण्णकन करंट जातो. म्हणजे सुई नसेला टेकली. बहुतेक वेळा काहीही होत नाही, पण हात वर करून डॉक्टरांना सांगायचं, सहन करत बसायचं नाही. सुईने कायमचा बधिरपणा येणं फारच दुर्मीळ. पोग्रेल आणि थांबी यांनी २०००मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांवरून अंदाज बांधला, तो साधारण २७ हजार ते १ लाख ६० हजार इंजेक्शनांमागे एक असा होता.

रूट कॅनालमध्येही, विशेषतः खालच्या मागच्या दाढांचं, औषध किंवा भरण मुळाच्या टोकाबाहेर जाऊन भुयारात उतरू शकतं. आणि इम्प्लांट. तिथे तर हाडात सरळ भोक पाडून स्क्रू बसवतात, म्हणून त्याच्या टोकापासून भुयारापर्यंत निदान दोन मिलिमीटर जागा सोडायची असा नियम आहे. हा मुद्दा आई-बाबांसाठी वाचून ठेवा. इम्प्लांटचं बिल तुमच्या कार्डवर जाणार असलं, तरी जबडा त्यांचा आहे.

'थांबा, येईल'

हे दोन शब्द निम्मे खरे आहेत. १९४३मध्ये, महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करण्याच्या काळात, हर्बर्ट सेडन या ब्रिटिश सर्जनने नसेच्या इजेचे तीन प्रकार मांडले. घरातल्या वायरच्या भाषेत सांगायचं तर, पहिल्यात वायर नुसती दबली. दुसऱ्यात आतली तार तुटली, वरचं प्लास्टिक शाबूत. तिसऱ्यात अख्खी वायर कापली गेली. पहिल्यात काही दिवस-आठवड्यांत करंट परत येतो. दुसऱ्यात तार नव्याने वाढते, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने. अक्कलदाढेपासून ओठापर्यंत अंतर काही सेंटिमीटरचं, म्हणजे हिशेब महिन्यांचाच. तिसऱ्यात नुसतं थांबून नीट भरून येण्याची आशा फारच थोडी.

गोची अशी, की पहिल्या आठवड्यात तिन्ही सारखेच वाटतात. म्हणून 'थांबा' याच्यासोबत 'कधीपर्यंत' हेही सांगायला हवं. तेच राहून जातं.

माझी एक मैत्रीण इन्शुरन्स कंपनीच्या कस्टमर सपोर्टला आहे, दिवसभर फोनवर. तिची जिभेची नस दुखावली. 'स' आणि 'श' यांची खिचडी व्हायला लागली, जेवताना जीभ चावली जायची आणि रक्ताची चव फक्त उजव्या बाजूला कळायची. वरणभात म्हणजे ओला कापूस. कॉल क्वालिटीचे मार्क घसरले तेव्हा तिने मॅनेजरला कारण सांगितलं, तर त्याने तिला जीभ दाखवायला सांगितली! क्लिनिकमध्ये दर खेपेला तेच, थांबा, येईल. ती सात महिने थांबली. आठव्या महिन्यात दुसऱ्या ओरल सर्जनकडे गेली तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तिसऱ्या महिन्यात का नाही आलात?"

कारण जिभेची नस तीन महिन्यांत काहीच हालचाल दाखवत नसेल, तर उघडून बघायचा, जमल्यास मायक्रोस्कोपखाली टाके घालून जोडायचा विचार तेव्हाच सुरू व्हायला हवा. उशीर होईल तसं जोडकाम कमी साधतं. मैत्रिणीचं ऑपरेशन झालं. स्पर्श बराचसा आलाय, चव नाही. ती आता चॅट सपोर्टला आहे. पगार तेवढाच, पण 'मला बोलायला आवडायचं गं' असं ती म्हणते तेव्हा मला काही सुचत नाही.

मग कधी काय? इंजेक्शनचा असर उतरायला हवा होता आणि उतरला नाही, तर दुसऱ्याच दिवशी क्लिनिकला कळवायचं, शक्यतो लेखी, निदान मेसेजने. इम्प्लांटनंतर बधिरपणा राहिला तर एक रात्रही फार. स्क्रू नसेवर असेल तर पहिल्या दीडेक दिवसात काढण्याला अर्थ असतो. रूट कॅनालचंही तसंच, वाट बघायची नाही. अक्कलदाढेच्या बाबतीत डॉक्टरांकडून बधिर भागाचा नकाशा काढून घ्यायचा. कापसाच्या वातीने आणि बोथट टोकाने चाचपत, पेनाने त्वचेवर सीमा आखून. त्याचा फोटो काढायचा. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. सीमा आत सरकतेय, मुंग्या येताहेत, मधूनच झिणझिण्या, तर आनंद माना, तार वाढतेय. माझ्या फोनमध्ये असे नऊ फोटो आहेत. हनुवटीवर निळ्या पेनाचं बेट, दर वेळी थोडं लहान होत गेलेलं.

बधिरपणाऐवजी आग, चटके, हात लावला तरी कळ, असं असेल तर ते वेगळं प्रकरण. नसेचं दुखणं नेहमीच्या पेनकिलरला फारशी दाद देत नाही, त्याची औषधं निराळी असतात आणि ती डॉक्टरांनीच द्यायची असतात. मेडिकलवाल्या काकांनी नाही. बी-१२च्या गोळ्यांनी कुणाचं बिघडत नाही, पण कापलेली नस त्या शिवत नाहीत.

तो कागद

खुर्चीत बसायच्या आधी पुढे येणारा संमतीचा कागद. २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की रुग्णाची संमती ही माहिती देऊन घेतलेली हवी. उपचार कसला, फायदा काय, दुसरे पर्याय कोणते, महत्त्वाचे धोके कोणते, आणि नाही केलं तर काय. त्याच निकालात असंही आहे, की दूरदूरच्या शक्यता सांगत बसायची सक्ती नाही. ओठ बधिर होणं यातल्या कुठल्या खणात पडतं? माझ्या मते ते तुमच्या एक्स-रेवर अवलंबून आहे. मुळावर काळा पट्टा दिसत असेल, तर ती 'दूरची शक्यता' राहिलेली नाही.

आणि पर्याय आहे, हे मला स्वतःची दाढ गेल्यावर कळलं. त्याचं नाव कोरोनेक्टॉमी. दाढेचा वरचा भाग कापून काढायचा आणि नसेला टेकलेली मुळं हाडात तशीच सोडून वर टाके घालायचे. १९८४ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी हे पहिल्यांदा मांडलं, २००५ मध्ये लंडनमधल्या एका चाचणीत नसेची इजा याने कमी होते असं दिसलं. सगळ्यांना चालत नाही. मुळाला इन्फेक्शन असेल, मूळ हलत असेल तर नाही. नंतर मुळं वर सरकू शकतात आणि क्वचित ती काढायला पुन्हा खुर्चीत बसावं लागतं. आपल्याकडे हे सगळेच करत नाहीत. त्यासाठी ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरीत एमडीएस केलेला माणूस गाठावा. अवघड दाढेसाठी तसाही तोच गाठावा. खासगीचं बजेट नसेल तर मुंबईत नायर किंवा सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज, नागपुरात सरकारी डेंटल कॉलेज, सगळीकडे हा विभाग असतो. रांग लागते, पण तिथे रोज हेच काम चालतं.

अशाच एका रांगेत मी गेल्या महिन्यात धाकट्या भावासोबत बसले होते. वय २४, नवी नोकरी, खालच्या दोन्ही अक्कलदाढा आडव्या, दोन्ही सुजून झालेल्या. त्याचा प्लॅन ठरलेला. शुक्रवारी दोन्ही काढायच्या, सोमवारी ऑफिस. "ताई, तू सोबत आलीयस की घाबरवायला?" त्याने विचारलं.

सर्जन मॅडमनी ओपीजी उजेडाच्या पेटीवर लावला आणि पेनाच्या टोकाने दाखवलं. डावीकडे मूळ आणि भुयार यांच्यात मोकळी जागा. उजवीकडे काळा पट्टा, पांढरी रेघ गायब. "डावी नेहमीसारखी काढू. उजवीचा आधी सीबीसीटी, मग बहुतेक कोरोनेक्टॉमी. दोन्ही एका दिवशी मी करणार नाही."

"पण मॅडम, दोनदा सुट्टी..." भाऊ कुरकुरला.

"एका बाजूची जीभ बधिर झाली तर माणूस दुसऱ्या बाजूने जेवतो. दोन्ही बाजूंची झाली तर?"

भाऊ गप्प. मग त्याने माझ्या वहीतले प्रश्न स्वतःहून घेतले आणि एकेक करून सगळे विचारले. अशा किती कोरोनेक्टॉमी केल्यात तुम्ही, बधिर राहिलं तर कुणाला फोन करायचा, किती दिवसांनी. मॅडमनी न चिडता उत्तरं दिली आणि केसपेपरच्या मागे एक मोबाइल नंबर लिहून दिला. डावी दाढ पुढच्या शुक्रवारी. उजवी दिवाळीनंतर, फराळ खाऊन झाल्यावर.